बिनकाट्याचं घायपात

आमच्या वरच्या मजल्यावरच्या इंजिनियरची बदली झाली तेव्हा त्यांच्या बायकोनं ट्रकमध्ये न मावणाऱ्या कुंड्या शेजारणींमध्ये वाटून टाकल्या. चंद्रपूरजवळच्या एका वीज केंद्राची ही वसाहत. इथं लोक येतात, तीन-चार वर्षं राहतात आणि कुंड्या ठेवून निघून जातात. माझ्या वाट्याला आली ती ताटाएवढी, जाड पानांची, उमललेल्या गुलाबासारखी गोल पसरलेली एक वनस्पती. राखाडी हिरव्या पानांवर जांभूळ चिरडल्यासारखे ठिपके. बाई म्हणाल्या, हे हायब्रीड सक्युलंट आहे, दोन जातींचा संकर करून केलेलं. खूप मोठं होतं, काटे नाहीत, पाणी कमी लागतं, सहसा मरत नाही. इंग्रजी नावही त्यांनी सांगितलं होतं. ट्रक वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी ते विसरले.

खरं सांगायचं तर त्या झाडाचा घाट मला पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटला होता. पण ओळख मनात पुरती उगवायच्या आत मी तिच्याकडं पाठ फिरवली. काटे नव्हते, ठिपके होते, शहरातल्या नर्सरीतून आलेलं होतं. म्हणजे ते नसणारच, असं मी ठरवून टाकलं.

आमचं क्वार्टर तळमजल्यावर, समोर दहा पावलांचं अंगण. मी त्या वेळी वसाहतीतल्या बालवाडीत शिकवत होते. दुपारी एकपर्यंत मोकळी व्हायचे आणि मग मोबाइलवर झाडांचे व्हिडिओ बघत बसायचे. त्यात सांगितलं तसं मी सगळं केलं. मोठी सिमेंटची कुंडी आणली, तळाला विटांचे तुकडे घातले, त्यावर नदीची जाड रेती, थोडी माती आणि मूठभर जुनं शेणखत. पाणी आठवड्यातून एकदा, तेही माती पूर्ण वाळल्यावर. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दुपारी हिरवी जाळी. पहिल्या पावसाळ्यात कुंडी उचलून छज्ज्याखाली. झाडानं मनावर घेतलं. वर्षभरात ते सुपाएवढं झालं, दुसऱ्या वर्षी भाताच्या पाटीएवढं. बुडातली पानं कुंडीच्या काठावरून बाहेर लोंबू लागली.

पण ते सुंदर राखणं म्हणजे रोजची शिसारी होती. वसाहतीत राख पडते. दोरीवरच्या कपड्यांवर पडते, पापडांवर पडते, नवऱ्याच्या रुमालात तर ती कोळशासकट घरी येते. आमचे हे कोळसा उतरवायच्या विभागात कामाला. त्यांचा रुमाल मी कधी हातानं धुतला नाही, लाकडी काठीनं बादलीत ढवळायची. त्या झाडाच्या पानांवर मुळातच एक पांढरट भुकटी असते, ती त्याची स्वतःची. ती कुठं संपते आणि आमची राख कुठं सुरू होते हे कळायचं नाही. फडकं फिरवलं की दोन्ही जायचं आणि पानावर बोटांचे ठसे राहायचे, कुणी चेहऱ्यावर हात फिरवून गेल्यासारखे. फडकं न फिरवावं तर पानांच्या बेचक्यात राख साचायची, दंवानं भिजायची आणि तिचा राखाडी गिलावा व्हायचा. तो मी आगपेटीच्या काडीनं कोरून काढायची. त्यातच पिठ्या ढेकूण लागले. कापसावर येतात तेच, पांढरे, मऊ, पिठात लोळल्यासारखे. काडीला कापूस गुंडाळून एकेक चिरडायचा. चिरडला की गुलाबीसर चिकट पाणी. जेवताना ते आठवायचं.

तरी मी ते करत होते, कारण बायका बघायला यायच्या. फाटकाशी थांबायच्या, फोटो काढायच्या, म्हणायच्या की तुमच्या हाताला गुण आहे. अधिकाऱ्यांच्या बंगल्यांकडच्या बायकाही येऊ लागल्या. त्या पूर्वी मला बालवाडीच्या दारात फक्त मानेनं ओळख द्यायच्या. आता अंगणात उभ्या राहून कुंडीत काय घालता ते विचारायच्या. मला ते आवडायचं. नको इतकं आवडायचं.

त्या हिवाळ्यात माझी माय आमच्याकडं आली. मूलजवळच्या खेड्यात माझा भाऊ आणि ती राहतात. चार एकर धानाची शेती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि एका डोळ्याचं ऑपरेशन चंद्रपुरात करायचं ठरलं होतं. भाऊ तिला बसस्टँडवर सोडून त्याच बसनं परत गेला. घरी आल्यावर तिनं अंगणातच चपला काढल्या आणि फाटकापासून भिंतीला हात लावत लावत आली. वाटेत तिचा हात कुंडीवर पडला. ती थांबली. एक पान तिनं बुडापासून टोकापर्यंत चाचपलं, मग दुसरं, मग दोन पानांच्या मधे बोट घालून बघितलं.

"हे त घायपात होय," ती म्हणाली. "घरापुढं काऊन लावलं वो?"

मी म्हटलं, घायपात नाही, हे हायब्रीड आहे, लोक मुद्दाम लावतात. तिनं पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला. कडेला दातरे होते, पण कार्टूनमधल्या मगरीचे असावेत तसे मऊ.

"काटा कुठी गेला याचा?"

मी सांगितलं की संकर करून काटा घालवला आहे. तिनं लुगड्याच्या पदराला हात पुसला आणि घरात आली.

ओळख आता टाळण्यासारखी राहिली नाही. घायपात म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आमच्या बांधावर घायपाताचं कुंपण होतं. आषाढात बाबा विळ्यानं त्याची पानं कापायचे आणि काट्यांनी त्यांचे कोपरापर्यंतचे हात ओरबाडून निघायचे. शेताच्या वरच्या अंगाला पाणी साठवायची आमची लहानशी बोडी होती. तिच्या सांडव्याखालच्या खड्ड्यात पानांच्या मोळ्या दगडाखाली दाबून ठेवायच्या. वीसेक दिवसांत पानं सडायची. खड्ड्याचं पाणी काळ्या चहासारखं व्हायचं, वर फेस. मग माय आणि मी गुडघाभर त्या पाण्यात उभ्या राहायचो. मोळी बाहेर काढायची, दगडावर ठेवून मोगरीनं ठेचायची, हिरवा-काळा लगदा बोटांनी निपटून टाकायचा. आतून पांढरा धागा निघायचा. तो धुऊन कुंपणावर वाळत घालायचा. पोळ्याच्या आधी बाबा त्याचे दोर वळायचे, बैलांची नवी दावी व्हायची, गावातल्या तीन-चार घरांनाही आमचेच दोर जायचे.

दोर चांगले व्हायचे. पण तो वास मी कोणत्या शब्दांत सांगू. मेलेला उंदीर, आंबलेली पेज आणि नासलेलं अंडं एकाच भांड्यात घातलं आणि झाकण लावून उन्हात ठेवलं तर येईल तसा. साबणानं जायचा नाही, मातीनं घासून जायचा नाही. केसांत राहायचा. आणि रसानं हातापायांना खाज सुटायची, बारीक लाल पुळ्या यायच्या, आणि खाजवलं की त्या पसरायच्या.

मी तिसरीत होते. वर्गात माझ्या शेजारची मुलगी आधी दप्तर सरकवायची, मग स्वतः सरकायची. मागच्या दोघी फ्रॉक नाकाला लावायच्या. एक दिवस गुरुजी म्हणाले, तू दाराजवळ बस, तिथं हवा चांगली येते. ते चांगले होते, रागावले नव्हते. त्यांनी ते अगदी मायेनं सांगितलं. मी पाटी-दप्तर घेऊन दाराजवळ जाऊन बसले आणि पोळा होईपर्यंत तिथंच बसले. तेव्हापासून आजपर्यंत मी कुणाच्याही घरात शिरायच्या आधी माझे हात हुंगते. पन्नाशीला टेकले तरी.

त्यानंतर अनेक वर्षं घायपात दिसलं की मी नजर फिरवायची. आणि तेच आता मी कापसाच्या काडीनं साफ करत होते, राखेपासून त्याला जपत होते, बायकांना त्याचे गुण सांगत होते. ही जाणीव मायच्या एका वाक्यानं झाली आणि मला माझाच राग आला. पण झाड काही मी उपटलं नाही. उलट दुसऱ्याच आठवड्यात वसाहतीच्या महिला क्लबनं पुष्पप्रदर्शन जाहीर केलं. या वर्षी सक्युलंटचं वेगळं टेबल होतं. अध्यक्षबाईंनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं की तुमचं झाड आलंच पाहिजे, मधोमध ठेवू.

मायचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाली, डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि दोन-दोनदा बजावलं की महिनाभर डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, धूळ जाऊ द्यायची नाही, हात तर अजिबात लावायचा नाही. मी तिच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायची. तिला घरात करमत नव्हतं. अंगणात खुर्ची टाकून बसायची आणि चष्म्याआडून जग बघायची, कारण जग तिला बऱ्याच वर्षांनी दिसत होतं. आणि समोरच ते झाड होतं, आणि मी त्याच्यावर रोज करत असलेले उपचार.

प्रदर्शनाच्या आधीचे पंधरा दिवस मी त्या झाडाला रोज आंघोळ घातली. राखेचा कण दिसू नये म्हणून झारीनं वरून पाणी सोडायची, अगदी मधल्या कोवळ्या पानांच्या पोंग्यावर. पोंगा पेल्यासारखा असतो, त्यात पाणी साचून राहायचं. राख धुऊन निघायची ती सगळी तिथंच गोळा व्हायची. मग एका बाईनं सांगितलं म्हणून खोबरेल तेलाचा बोळा पानांवरून फिरवायला लागले. पानं चकचकीत दिसू लागली, त्यांची स्वतःची भुकटी पार गेली आणि ठिपके पिकल्या जांभळासारखे गडद झाले.

माय दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पोंग्यात पानी नको टाकू. सडते ते."

मी म्हटलं, हे ते नाही, याला लोक असंच ठेवतात. हिवाळ्याचे दिवस, सकाळी धुकं, ऊन अंगणात येईपर्यंत दहा वाजायचे. पोंग्यातलं पाणी वाळत नव्हतं हे मला दिसत होतं. प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी मधली दोन पानं थोडी मलूल वाटली. जवळ गेलं की आंबूस वास यायचा. मी मोरीत फिनाइल ओतलं. वास मला ओळखता आला नाही असं मी म्हणू शकत नाही. ओळखायचा नव्हता.

प्रदर्शन क्लबच्या हॉलमध्ये होतं, रविवारी सकाळी. मायनं हट्ट धरला की तिलाही यायचं आहे, फुलं बघायची आहेत, आता दिसतं तर घरात काय बसायचं. मी तिला माझी निळी साडी नेसायला सांगितली. ती म्हणाली, मी माझ्या लुगड्यातच येते. रिक्षात बसताना मी तिच्या लुगड्याकडं बघितलं हे तिला दिसलं असावं. आता तिला दिसत होतं.

हॉलमध्ये शेवंती, डेलिया, गुलाब, टेबलांवर पांढऱ्या चादरी. सक्युलंटच्या टेबलावर तळहाताएवढ्या कुंड्यांच्या मधे माझं झाड एखाद्या जहागीरदारासारखं बसलं होतं. परीक्षक म्हणून नागपूरहून एक बाई आल्या होत्या, फुलझाडांच्या जाणकार, हातात वही. अध्यक्षबाई त्यांना फिरवत होत्या. मागून वीस-पंचवीस बायका. माझ्या झाडापाशी सगळ्या थांबल्या. परीक्षकबाईंनी पानांना हात न लावता वाकून बघितलं आणि विचारलं की पानांना तेल लावलंय का. मी नाही म्हटलं. हे खोटं मी इतक्या सहज बोलले की मलाच थांबून ऐकावं लागलं.

अध्यक्षबाईंना वाटलं की कुंडी थोडी वळवली तर ठिपके उजेडात येतील. त्यांनी माळ्याला बोलावलं. त्यानं कुंडी एका बाजूनं उचलली, ती कलली, आणि पोंग्यातलं पाणी चादरीवर सांडलं. काळं, फेसाळ. त्यात वळवळणाऱ्या बारीक अळ्या होत्या. त्यानं घाईनं झाड सावरायला मधली पानं धरली आणि ती सगळी त्याच्या हातात आली, बुडाशी काळा-तपकिरी गाळ होऊन.

आणि तो वास सुटला. अगदी तोच. खड्ड्यातला.

बायका मागं सरकल्या. खुर्ची पडल्याचा आवाज आला. कुणी तरी शी म्हटलं. बघावं तिथं पदर आणि ओढण्या नाकावर गेल्या, एका पाठोपाठ एक, जणू कुणी हुकूम दिला होता. परीक्षकबाईंनी वहीच तोंडावर धरली. अध्यक्षबाई माळ्यावर ओरडू लागल्या की बाहेर ने आधी. मी तिथंच उभी होते. मला तिसरीचा वर्ग आठवला असं मी लिहिलं तर ते बरोबर होईल, पण त्याहून आधी मला दुसरीच गोष्ट कळली. माझाही पदर माझ्या नाकावर होता.

माय बायकांच्या मागं कुठं तरी डेलिया बघत उभी होती. ती गर्दीतून पुढं आली. तिनं नाक धरलं नाही. माळ्याच्या हातातली ती लोंबकळणारी पानं घेतली, टेबलाशी वाकली, पोंग्याच्या जागी पडलेल्या भोकात हात घातला आणि उरलेला लगदा ओंजळीनं बाहेर काढून चादरीवर ठेवला. घरात मासे साफ करतात इतक्या साध्या रीतीनं. मग एक सडकं पान तिनं अंगठा आणि बोटात धरून निपटलं, लगदा खाली टाकला आणि आतला धागा ओढून बघितला. तो तुटला. दुसऱ्या पानाचा ओढला, तोही तुटला.

"याले त धागाच नाई," ती म्हणाली. तिच्या तोंडावर किळस होती, खरी किळस, या सगळ्या बायकांच्या तोंडांवर होती तशीच. फक्त वासाची नव्हती. "काटा काढला, धागा काढला. मंग ठेवलं काय?"

विचारलं कुणाला हेही कळलं नसावं. एक-दोघी हसल्या.

तेवढ्यात तिच्या डोळ्याला पाणी आलं. वासानं की फिनाइलनं, कुणी तरी जमिनीवर फिनाइल टाकायला सुरुवात केली होती. तिनं चष्मा वर करायला हात उचलला. मनगटापर्यंत रस आणि सडकं पाणी, आणि डोळ्याच्या ऑपरेशनला तीन आठवडेही झाले नव्हते. मी काय केलं ते मला क्रमानं आठवत नाही. पदर सुटला, मी टेबलाला धडकले आणि तिचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. ते बुळबुळीत होतं, निसटत होतं. मी तिचा हात माझ्या छातीशी दाबून धरला. गाळ माझ्या साडीवर, ब्लाउजवर, गळ्यावर लागला.

"डोळ्याला नको," मी म्हटलं. "माय, डोळ्याला हात नको लावू."

"नाई लावत," ती म्हणाली. "सोड. दुखते."

मी सोडलं नाही. तशीच तिला धरून हॉलच्या मागच्या नळाशी घेऊन गेले. वाटेत बायकांनी रस्ता दिला. खूप मोठा रस्ता दिला.

नळाशी मी तिचे हात धुतले, साबण नव्हता म्हणून मातीनं घासले. मग माझ्या साडीच्या कोरड्या टोकानं तिच्या गालावरचं पाणी टिपलं. तिला हसू येत होतं. म्हणाली की तुया साडीची पार वाट लागली. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या, शेवंतीचं बक्षीस जाहीर होत होतं. आम्ही परत आत गेलो नाही. माळी झाडाचं उरलेलं बूड कचऱ्याच्या डब्याकडं नेत होता. मायनं ते त्याच्याकडून मागून घेतलं. मला वाटलं तिला त्याची दया आली. तिला फक्त मुळाशी काही पिल्लं आहेत का ते बघायचं होतं.

दुपारी दोघींच्या हातांना खाज सुटली. माझ्या गळ्यावर पुळ्या आल्या. मी चिंच कोळली आणि अंगणात बसून आम्ही एकमेकींच्या हातांना ती चोळली, सुरणाची खाज घालवायला लावतात तशी. नवरा ड्युटीवरून आला, आमच्याकडं बघितलं, विचारलं काय झालं. मी सांगितलं. तो म्हणाला की कशाला पाहिजे होतं हे सगळं, आणि आंघोळीला गेला.

तेव्हा मी मायला शाळेचं सांगितलं. इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. दप्तर सरकवणारी मुलगी, दाराजवळची जागा. आणि आज माझाही पदर नाकावर होता हेही सांगितलं, कारण ते सांगितलं नसतं तर मला तिच्यासमोर बसवलं नसतं.

ती माझ्या मनगटावर चिंच चोळत म्हणाली, "मले मालूम होतं. गुरुजी बोलले होते. म्हणून त चौथीपासून तुले खड्ड्यावर नाई नेलं."

मी आजवर समजत होते की चौथीत मीच हट्ट करून जायचं बंद केलं होतं. रडले होते, जेवले नव्हते, जिंकले होते. तसं नव्हतं. त्यानंतरची पाच-सहा वर्षं ती त्या पाण्यात एकटीच उभी राहिली. मी विचारलं, तुला वास यायचा नाही का. ती म्हणाली, यायचा ना, ओकारी यायची, सकाळी उपाशीच जायची मी. आणि पुढं, चष्म्याआड डोळे मिटून म्हणाली, आज त्या बाया नाक धरून राह्यल्या होत्या त त्याईचा मले राग नाई आला, वास होताच तसा. पण बिनकामाचं सडवलं, याचा राग आला.

त्या बुडाला तीन पिल्लं होती. एक काळं पडलं होतं ते फेकलं. दोन मी सावलीत चार दिवस वाळवून लावली, एक कुंडीत, एक अंगणातल्या मातीत उंचवट्यावर. त्यांना आता वरून पाणी घालत नाही, कडेनं मातीला देते. पावसाळ्यात कुंडीखाली एका बाजूला वीट ठेवते म्हणजे ती कलती राहते आणि पोंग्यात पाणी थांबत नाही. राख पडते तर पडू देते. बुडातलं एखादं पान सडलं की हातानंच ओढून काढते. हातमोजे आणले होते, वापरत नाही. किळस येत नाही असं मुळीच नाही. दरवेळी येते, घासून हात धुते, आणि मग नकळत हात हुंगते.

मायचा दुसरा डोळा पुढच्या वर्षी झाला. तिला मी एक पिल्लू गावी न्यायला देऊ केलं होतं. तिनं नको म्हटलं. बांधावर खरं घायपात अजून आहे, आता त्याचे दोर कुणी वळत नाही, नायलॉनचे मिळतात.

प्रदर्शनानंतर महिनाभर क्लबच्या मोबाइलवरच्या गटात रोगट झाडं आणू नयेत अशी सूचना दोनदा फिरली. नाव कुणाचंच नव्हतं. त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात अध्यक्षबाई आमच्या फाटकाशी आल्या. अंगणातलं झाड पुन्हा सुपाएवढं झालं होतं आणि त्याच्या मुळाशी दोन कोंब फुटले होते. त्यांना त्यातला एक हवा होता. मी खुरप्यानं काढून दिला, सांगितलं की रस लागला तर खाज सुटते, आणि सडला तर फार घाण वास येतो. त्या म्हणाल्या, हो हो, माहीत आहे ना, आणि हसल्या. मीही हसले. त्यांनी पर्समधून वर्तमानपत्राचा कागद काढला, तो कोंबाभोवती दुहेरी गुंडाळला आणि दोन बोटांत, अंगापासून लांब धरून गाडीपर्यंत नेला. मी फाटकाशी उभी राहून त्यांना म्हणत होते, या ना परत, चहाला या. आवाज इतका गोड होता की त्या गेल्यावर मी मोरीत जाऊन चूळ भरली.